औषधाची गोळी आणि देवाचा अंगारा

वादांत प्रतिपक्षाचें तोंड बंद करण्याचीं जीं कांहीं ठरीव वाक्यें आपल्या समाजांत प्रचलित आहेत, त्यांत अलीकडे एकाची भर पडली आहे. ‘तुम्ही विज्ञानावर विश्वास ठेवतां, आम्ही देवावर ठेवतों, शेवटीं श्रद्धा ती श्रद्धाच,’ हें तें वाक्य होय. लग्नाच्या मांडवांत, आगगाडीच्या डब्यांत, कचेरीच्या आवारांत तें आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. आणि तें बोलणारे गृहस्थ निरक्षर असतात असेंहि नाहीं. उलट, ज्यांनीं शास्त्राच्या पदव्या घेतल्या आहेत, त्यांच्याच तोंडीं तें अधिक ऐकूं येतें. सुधारणेच्या पक्षाचे लोक या वाक्यास बहुधा उपहासानें उत्तर देतात. आमच्या मतें हा मार्ग बरोबर नाहीं. आक्षेप कच्चा असला तरी त्यांत सत्याचा एक अंश आहे, आणि तो अंश मान्य केल्यावांचून पुढचें उत्तर कोणास पटणार नाहीं.

तो अंश असा. आर्वीकडील एखाद्या शेतकऱ्याच्या पाठीवर फिकट चट्टा उठतो. त्यावर टांचणी टोंचली तरी समजत नाहीं. तो सरकारी दवाखान्यांत जातो, तेथें त्याला कुष्ठरोग झाल्याचें सांगण्यांत येतें, आणि गोळ्यांचें एक पाकीट त्याच्या हातीं पडतें. ज्या जंतूमुळें हा रोग होतो म्हणतात तो जंतु त्यानें पाहिलेला नाहीं. गोळींत काय आहे हें त्याला ठाऊक नाहीं. त्याच शेतकऱ्याला घरच्यांनीं आदल्या महिन्यांत देवऋष्याकडे नेलें असेल, तर त्यानें दिलेला अंगाराहि त्यानें याच भावनेनें कपाळीं लावला असेल. आपल्याहून अधिक जाणणाऱ्या मनुष्यानें दिलें तें मुकाट्यानें घ्यावें आणि गुण येईल अशी आशा धरावी, एवढेंच दोन्ही वेळीं त्याच्या मनांत असतें. आणि त्या शेतकऱ्यास हंसण्याचा अधिकार आम्हां शिकलेल्यांस तरी कोठें आहे? प्रस्तुत लेखकानें कायद्याचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं कुष्ठाचा जंतु त्यानेंहि पाहिलेला नाहीं. आपण विज्ञानाच्या ज्या गोष्टी खऱ्या मानतों त्यांपैकीं शंभरांत एकहि आपण स्वतः तपासलेली नसते. तेव्हां विश्वास ठेवणाराच्या मनांत शोधूं गेल्यास गोळी व अंगारा यांत फारसा भेद सांपडणार नाहीं, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों.

परंतु भेद तेथें सांपडत नाहीं म्हणून तो नाहींच, असें अनुमान काढणें चूक आहे. भेद पाहावयाचा तो विश्वास ठेवणाराकडे नव्हे, तर विश्वास ज्यावर ठेवला त्याकडे. गोळी लागू पडली नाहीं तर काय होतें, आणि अंगारा लागू पडला नाहीं तर काय होतें, एवढा एकच प्रश्न विचारून पाहावा. अपयश आल्यावर दोष कोणाच्या माथीं बसतो, हीच आमच्या मतें या वादाची खरी कसोटी होय.

ही कसोटी लावून पाहण्यास वर्धा जिल्ह्यासारखें दुसरें ठिकाण नाहीं. महारोग्यांची सेवा आणि महारोगाचें शास्त्र या दोन्ही गोष्टी या मातींत शेजारीं शेजारीं वाढल्या आहेत. विनोबांचे शिष्य मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें महारोग्यांसाठीं वसाहत उघडली. त्याच वर्षीं गांधीजी शेगांवीं राहावयास गेले. तेंच गांव पुढें सेवाग्राम झालें. तेथें संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री महारोगानें जर्जर होऊन आले, तेव्हां गांधीजींनीं आपल्या कुटीजवळ त्यांना जागा दिली, आणि आपल्या हातांनीं त्यांच्या अंगाला मालिश केलें. बाबा आमटे यांचा जन्म १९१४ सालीं याच जिल्ह्यांत, हिंगणघाट येथें झाला. गांधीजींच्या निधनानंतर १९५१ सालीं स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानचें मुख्य ठाणें वर्ध्यासच आहे, आणि डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखालीं गांवोगांव फिरून रोगी शोधावा, लोकांस समजवावें व घरींच उपचार द्यावा, अशी जी पद्धति या प्रतिष्ठाननें घालून दिली, तीच पुढें राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया झाली.

आतां या रोगाविषयीं आपल्या पूर्वजांनीं काय सांगितलें होतें तें पाहूं. कर्मविपाकाच्या ग्रंथांत रोगांची सांगड मागील जन्मांतील पातकांशीं घातलेली आहे, आणि महारोग हें तर घोर पातकाचें फळ समजलें जाई. या मताचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घेण्यासारखें आहे. रोगी सदाचारी निघाला तर पाप मागल्या जन्मींचें. दुराचारी मनुष्य धडधाकट राहिला तर त्याचें फळ पुढल्या जन्मीं. अनुष्ठान केलें आणि गुण आला तर अनुष्ठानाचा महिमा. न आला तर अनुष्ठानांत न्यून राहिलें, किंवा करणाराची भक्ति कमी पडली. असा एकहि प्रसंग कल्पितां येत नाहीं कीं जो घडल्यास हें मत खोटें ठरेल. वकिलीच्या धंद्यांत अशा दाव्याची गांठ आम्हांस वारंवार पडते. जो दावा कोणत्याहि पुराव्यानें हरूं शकत नाहीं, तो जिंकला असें कोणतेंहि न्यायालय म्हणत नाहीं. त्याची सुनावणीच होऊं शकत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. आणि या अजिंक्य मताची किंमत कोण देई? रोगी. त्याचीं बोटें झडत, घर सुटे, आणि वर हें सर्व तुझ्याच पापाचें फळ आहे असेंहि त्याला ऐकावें लागे.

दुसऱ्या बाजूस काय घडलें तेंहि पाहूं. नॉर्वे देशांतील बर्गन शहरीं १८७३ सालीं हान्सेन नांवाच्या तरुण वैद्यास महारोग्यांच्या शरीरांत एक जंतु दिसला. त्या काळीं हा रोग आनुवंशिक आहे असें मोठमोठे पंडित मानीत, आणि त्या पंडितांत अग्रगण्य होते डॅनिएल्सन, जे हान्सेन याचे वरिष्ठ आणि सासरेहि होते. आपल्याकडील परंपरेनें पाहिलें तर प्रश्न तेथेंच मिटला असता; शिष्यानें गुरूचें आणि जांवयानें सासऱ्याचें मत खोडणें म्हणजे मर्यादाभंग. पण शास्त्राच्या दरबारीं गुरूचें मत मागें पडलें आणि शिष्याचें पुढें आलें, कारण तेथें मताला वजन होतें तें पुराव्याचें होतें, वयाचें किंवा नात्याचें नव्हे.

औषधांचा इतिहास याहून बोधप्रद आहे. कडू कवठीच्या बियांचें तेल, ज्याला आयुर्वेदांत तुवरक म्हणतात, तें आपल्याकडे प्राचीन काळापासून कुष्ठावर वापरीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज वैद्यांनींहि तशाच तेलांचा स्वीकार केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांचीं टोंचण्याचीं औषधें बनवून जगभर वापरलीं. मोठमोठ्या डॉक्टरांची त्यांवर भिस्त होती. १९४१ सालीं अमेरिकेंतील कारव्हिल येथें गंधकजन्य नव्या औषधांचा प्रयोग झाला. तीं अधिक गुणकारी ठरतांच थोड्याच वर्षांत कडू कवठीचें तेल मागें पडलें. त्याच वर्गांतील डॅप्सोन नांवाची स्वस्त गोळी आपल्या गांवांपर्यंत पोंचली. वर्ध्याच्या कार्यकर्त्यांनीं सायकलींवर हिंडून ज्या गोळ्या वाटल्या, त्या याच.

पुढें डॅप्सोनहि कांहीं रोग्यांस लागू पडेना. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें, कारण आमच्या कसोटीचा प्रसंग हाच आहे. गोळीनें गुण न आला तेव्हां दोष कोणाचा ठरला? रोगी नेमानें गोळ्या घेत नसेल अशी शंका प्रथम येणें स्वाभाविक होतें, आणि पुष्कळ ठिकाणीं ती खरीहि असेल. परंतु प्रकरण त्या शंकेवर मिटविण्यांत आलें नाहीं. हा जंतु कांचेच्या नळींत वाढत नाहीं. प्रयोगशाळेंतील कृत्रिम अन्नावर तो आजवर कोणास वाढवितां आलेला नाहीं, आणि ही उणीव शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात. मात्र १९६० सालीं तो उंदराच्या पायाच्या तळव्यांत वाढवितां येतो असें सिद्ध झालें होतें. तेव्हां मलाया देशांतील रोग्यांना डोळ्यांदेखत औषध देऊन, त्यांच्या अंगांतील जंतु उंदरांत घालून परीक्षा घेण्यांत आली. आणि १९६४ सालीं असें प्रसिद्ध करण्यांत आलें कीं, कांहीं रोग्यांचे जंतु डॅप्सोनला खरोखरच दाद देत नाहींत. म्हणजे रोगी निर्दोष होता. उणें औषधांत होतें. ही गोष्ट उघडकीस आणली ती विज्ञानाच्या शत्रूंनीं नव्हे, विज्ञानाच्याच सेवकांनीं. त्यानंतर एका औषधाऐवजीं रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन अशीं अनेक औषधें एकत्र देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं १९८१ सालीं केली. आणि भारतांतील ज्या पहिल्या जिल्ह्यांत हा उपचार सुरू झाला, त्यांत वर्धा जिल्हा होता. पूर्वीं तीव्र रोग्यास निदान दोन वर्षें घ्यावें लागणारें औषध पुढें अनुभवांतीं बारा महिन्यांवर आलें. सौम्य रोग्यास सहा महिने पुरतात.

‘तुमचें विज्ञान रोज बदलतें, मग त्यावर भरंवसा कसा ठेवावा?’ असा एक उपप्रश्न येथें करण्यांत येतो. आमचें उत्तर असें कीं, तें बदलतें म्हणूनच. जो व्यापारी आपल्या वहींत चुकलेली रक्कम लाल शाईनें दुरुस्त करून खालीं सही करतो, त्याच्या वहीवर न्यायालय अधिक विश्वास ठेवतें. जिच्यांत वर्षानुवर्षें एकहि दुरुस्ती नाहीं अशी वही पाहिली कीं अनुभवी न्यायाधीशाच्या मनांत संशयच येतो.

धर्मशास्त्र मुळींच बदलत नाहीं असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें इतिहासास सोडून होईल. जुन्या स्मृतींनीं विहित केलेल्या कित्येक गोष्टी पुढील निबंधकारांनीं ‘कलिवर्ज्य’ म्हणून बाजूस सारल्या, आणि समाजानें तें मान्यहि केलें. पण त्या बदलाची भाषा कशी होती? नियोग किंवा गोवध चूक होता म्हणून तो सोडा, असें कोणी म्हटलें नाहीं. कलियुगांतील माणसें दुर्बळ झालीं आहेत, म्हणून तो त्यांच्यासाठीं नाहीं, असें म्हटलें. वचन निर्दोष राहिलें, दोष युगाचा आणि मनुष्याचा ठरला. अंगारा लागू न पडल्यावर भक्ताला जें ऐकविण्यांत येतें, तेंच शास्त्रकारांनीं सबंध युगाला ऐकविलें. ‘आमचें चुकलें होतें,’ हे तीन शब्द उच्चारण्याची सोय ज्या ज्ञानपरंपरेंत आहे ती एक, आणि ज्या परंपरेंत नाहीं ती दुसरी. या दोहोंवरील विश्वासाला एकच नांव देणें म्हणजे भाषेचा दुरुपयोग होय.

आमच्या धंद्यांतील एक नियम येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ४५ व्या कलमांत तज्ज्ञाचें मत ग्राह्य मानलें होतें; परंतु तेवढ्यावर तो कायदा थांबला नव्हता. मत कोणत्या कारणांवर आधारलें आहे तेंहि न्यायालयापुढें आणतां येतें, आणि तज्ज्ञ आपण केलेल्या प्रयोगांची हकीकत सांगूं शकतो, असें ५१ व्या कलमांत म्हटलें होतें. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं नवा कायदा आला, तरी हें तत्त्व कायम आहे. न्यायाधीश स्वतः वैद्य नसतो. तो वैद्याच्या शब्दावर विसंबतो. परंतु तो विसंबतो तो उलटतपासणी झाल्यानंतर. विज्ञानावरील सामान्य मनुष्याचा विश्वास हा याच जातीचा आहे. त्यानें स्वतः उलटतपासणी केलेली नसते. पण ती कोणीतरी केली आहे, आणि उद्यां कोणासहि पुन्हा करतां येईल, या गोष्टीवर तो विसंबतो. देवऋषी साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहण्यासच तयार नसतो.

येथवर वाचून कांहीं वाचक म्हणतील कीं, मग सेवाग्रामच्या त्या थोर पुरुषाचें काय? तो तर श्रद्धावान् होता. प्रश्न योग्य आहे, आणि त्याला बगल देणें आम्हांस शोभणार नाहीं. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहार प्रांतांत भयंकर भूकंप झाला. हें अस्पृश्यतेच्या पापाचें शासन आहे, असें गांधीजींनीं म्हटलें. रवींद्रनाथ टागोर हेहि अस्पृश्यतेचे कट्टे वैरी. परंतु निसर्गाच्या घटनेस नीतीचें कारण चिकटविणें त्यांस मान्य झालें नाहीं, आणि त्यांनीं जाहीर निषेध केला. गांधीजींनीं तो निषेध आपल्या ‘हरिजन’ पत्रांत छापला व आपलें उत्तरहि दिलें. या वादांत सत्य टागोरांच्या बाजूस होतें, असें आम्ही आदरपूर्वक परंतु निःसंदिग्ध शब्दांत म्हणतों. ज्या युक्तीनें भूकंप हा पापाचा दंड ठरतो, त्याच युक्तीनें परचुरे शास्त्र्यांचा रोगहि पापाचाच दंड ठरला असता. गांधीजींनीं देवीच्या लसीलाहि विरोध केला होता. ज्या रोगाला आपण भीतीनें ‘देवी’ हेंच नांव देऊन बसलों होतों, तो रोग भारतांतून १९७५ सालीं आणि जगांतून १९८० पर्यंत नाहींसा झाला, तो पूजेनें नव्हे, तर त्या लसीनें आणि घरोघर फिरणाऱ्या माणसांच्या कष्टानें. उलट १९२४ च्या जानेवारींत पुण्याच्या ससून रुग्णालयांत गांधीजींच्या आंतड्यावर इंग्रज शस्त्रवैद्यानें शस्त्रक्रिया केली तेव्हां त्यांनीं तिला संमति दिली, हेंहि तितकेंच खरें आहे.

मग त्यांची श्रद्धा व्यर्थ होती काय? नाहीं. परचुरे शास्त्र्यांच्या अंगाला हात लावण्याचें जें धैर्य त्या हातांत आलें, तें कोणत्याहि सूक्ष्मदर्शक यंत्रांतून येत नाहीं. हा रोग फार थोडा सांसर्गिक आहे, हें अनेक डॉक्टर त्या काळींहि जाणत होते. जाणूनहि त्यांपैकीं किती जण रोग्याशेजारीं बसले? मनोहरजी दिवाण दत्तपूरला गेले ते जंतुशास्त्राचा ग्रंथ वाचून नव्हे. बाबा आमट्यांनीं कलकत्त्यास शिकत असतां प्रयोगासाठीं स्वतःचें शरीर पुढें केलें, तें कोणत्या प्रमेयावरून? जगांत काय आहे हा एक प्रश्न, आणि आपण काय करावें हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुराव्यानें द्यावयाचें. तेथें श्रद्धेनें ढवळाढवळ केली कीं भूकंप पापाचा दंड होतो. दुसऱ्या प्रश्नांत पुरावा मनुष्यास उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो. पुढचें पाऊल टाकण्यास निष्ठा लागते. या निष्ठेला कोणी श्रद्धा म्हटलें तर आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती तिनें वैद्याची खुर्ची बळकावण्याला.

आतां आपल्याच पक्षाच्या दोषांकडे वळणें प्राप्त आहे. विज्ञानाचा अंगारा होऊं शकत नाहीं असें समजूं नये. ज्या हान्सेनची आम्हीं वर प्रशंसा केली, त्यानें आपलें मत सिद्ध करण्याच्या नादांत १८७९ सालीं एका रोगी स्त्रीच्या डोळ्यांत तिच्या संमतीवांचून रोगट द्रव्य टोंचलें. तिनें दाद मागितली; १८८० सालीं न्यायालयानें त्याला दोषी ठरवून रुग्णालयांतील जागेवरून दूर केलें. त्याचा शोध खरा होता आणि त्याची कृति गुन्हा होती. एकानें न विचारतां दुसऱ्याच्या देहावर प्रयोग केला, दुसऱ्यानें स्वतःचा देह पुढें केला. हान्सेन आणि आमटे यांतील हा भेद शास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं जन्मभर विसरूं नये. आपल्याकडे आजहि कित्येक डॉक्टर रोग्यानें प्रश्न विचारला तर कपाळाला आठ्या घालतात. ‘तुला काय कळतें? सांगितलें तें घे,’ हें वाक्य देवऋष्याच्या तोंडीं शोभतें. तें डॉक्टरच्या तोंडून निघतें तेव्हां तो आपल्या हातांतील गोळीचा अंगारा करून टाकतो. प्रश्न विचारण्याचा अधिकार काढून घेतला कीं विज्ञान आणि अंधश्रद्धा यांतील भिंतच पडते. मग ‘दोन्ही सारखींच’ म्हणणाऱ्याला दोष कसा द्यावा?

आणि आम्हां वकिलांचा दोष तर याहून मोठा आहे. हिंदुस्थानांत पाठविलेल्या कुष्ठरोग आयोगानें १८९०–९१ सालीं चौकशी करून रोगाचा संसर्गजन्यपणा अल्प असल्याचें व सक्तीनें कोंडण्याची आवश्यकता नसल्याचें सांगितलें होतें. तरीहि १८९८ सालीं निर्धन व भटक्या महारोग्यांस पकडून आश्रयगृहांत ठेवण्याचा कायदा झाला. तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडलें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत जोडीदाराचा कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून घालण्यांत आलें. अनेक औषधांचा उपचार आल्यावर रोगी बरा होतो, आणि औषध सुरू होतांच थोड्या काळांत त्याच्यापासून संसर्गाचें भय राहत नाहीं, हें १९८० नंतर सर्वमान्य झालें. परंतु तें कारण कायद्यांत राहिलें. २०१९ सालीं संसदेनें ते शब्द या व इतर चार कायद्यांतून काढले. शास्त्रानें आपली वही दुरुस्त केल्यावर विधिमंडळास आणि न्यायालयास ती दुरुस्ती उतरून घेण्यास कित्येक दशकें लागलीं, आणि दरम्यान बऱ्या झालेल्या किती स्त्रियांना घर सोडावें लागलें असेल, याचा विचार करवत नाहीं. कर्मविपाकाच्या ग्रंथकारांस नांवें ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, त्यांचें पातक आम्हीं कलमांत लिहून ठेवलें होतें.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर एका बाबतींत कायद्यानें योग्य रेषा आंखली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, आणि त्याच वर्षीं नरबळी व जादूटोणा यांस प्रतिबंध करणारा कायदा अस्तित्वांत आला. साप किंवा कुत्रा चावलेल्या मनुष्यास वैद्यकीय उपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणें हा त्या कायद्यानें गुन्हा ठरतो. देवापुढें हात जोडण्यास कायदा मना करीत नाहीं. दवाखान्याची वाट अडविण्यास मना करतो. आमच्या म्हणण्याचा सारांश हाच आहे.

कुष्ठरोग ही जुनी गोष्ट झाली असें कोणी समजूं नये. दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी ही मर्यादा आपल्या देशानें २००५ च्या अखेरीस गांठली. पण जगांत दरवर्षीं आढळणाऱ्या नव्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक आजहि भारतांतच आढळतात. औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. चट्टा बधिर आहे तोंवर औषध घेतलें तर हातापायांस सहसा व्यंग येत नाहीं. उशीर झाला तर जंतु मरतात, पण वाकलेलीं बोटें औषधानें सरळ होत नाहींत. हा उशीर कशानें होतो? बहुधा लाजेनें. आणि ती लाज कोठून आली? अंगावरचा डाग हा रोग नसून पापाचें चिन्ह आहे, या समजुतींतून. ‘श्रद्धा ती श्रद्धाच’ हें वाक्य दिवाणखान्यांत बसून बोलणाऱ्याचें कांहीं जात नाहीं. पदराखालीं चट्टा लपविणाऱ्या एखाद्या सुनेचीं मात्र बोटें जातात.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे कीं, गोळीवर विश्वास ठेवा, पण तो आंधळेपणानें ठेवूं नका. दवाखान्यांत गेल्यावर काय रोग आहे, हें औषध कशासाठीं, किती दिवस, आणि गुण न आल्यास पुढें काय, हे चार प्रश्न विचारा. आणि डॉक्टरांनीं त्यांचीं उत्तरें देणें हें उपकार नसून कर्तव्य आहे, हें ध्यानांत असूं द्या. हेच चार प्रश्न अंगारा देणारालाहि विचारून पाहा. जो उत्तर देईल आणि आपण चुकूं शकतों असें म्हणेल, त्याच्या हातीं देह सोंपविण्यास हरकत नाहीं. जो रागावेल आणि तुमच्या भक्तींत दोष काढील, त्याच्या ओट्यावरून उठून यावें. मग त्याच्या अंगावर भगवी कफनी असो, कीं पांढरा डगला.